विमानतळावरील प्रदर्शनात अहोरात्र फिरवल्या जाणाऱ्या रिळाबाबत

प्रति,
मा. संचालक (प्रवासी सुविधा, सुशोभीकरण व जनसंपर्क),
विमानतळ कार्यालय, दुसरा मजला, लिफ्टच्या डाव्या हाताला.

अर्जदार : चित्रपटगृहातील निवृत्त ऑपरेटर, सेवा अडतीस वर्षे.

विषय : 'आपली भाषा, आपला चित्रपट' या प्रदर्शनातील प्रोजेक्टरची मोटर आजच्या आज बंद करून त्यात अडकवलेली साठ फूट फिल्म अर्जदारास स्वतःच्या हाताने उतरवू देणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. २) आपले पहिले उत्तर : 'सदर प्रदर्शन केवळ प्रवाशांसाठी आहे.' ३) आपले दुसरे उत्तर : 'सदर वस्तू अर्जदाराने स्वतःच खराब म्हणून नमूद केलेली आहे.' ४) सुरक्षा विभागाने माझ्याविरुद्ध केलेली नोंद, दि. २ जुलै.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सातव्यांदा सादर करण्यात येते की,

१. आपल्या विमानतळावर सामान तपासणी संपल्यानंतर, अत्तराचे दुकान आणि पिण्याच्या पाण्याचा नळ यांच्या मधोमध, दि. ३ जून रोजी प्रादेशिक चित्रपटाच्या इतिहासाचे प्रदर्शन उघडण्यात आले. त्यात जो प्रोजेक्टर ठेवला आहे तो मी अडतीस वर्षे चालवला. प्रदर्शनासाठी तो आपण मागितला आणि मी दिला. त्याबद्दल मला एक शाल आणि प्लास्टिकचे सन्मानचिन्ह मिळाले. सन्मानचिन्हावर माझा उल्लेख 'ज्येष्ठ प्रेक्षक' असा आहे. मी आयुष्यात एकही चित्रपट प्रेक्षकांत बसून पाहिलेला नाही, परंतु ती तक्रार या अर्जात नाही.

२. यंत्राखालच्या पाटीवर 'मूकपटांच्या काळातील दुर्मीळ यंत्र' असे लिहिले आहे. यंत्र बोलपटांचे आहे. त्याच्या पोटात फिल्मवरचा आवाज वाचणारा दिवा बसवायची जागा आहे. दिवा माझ्याकडे घरी आहे, कारण तो मागायचे आपल्या सजावटकाराला सुचले नाही. मागच्या भिंतीवर आमच्या चित्रपटगृहाचे छायाचित्र आहे तेही उलटे छापले आहे, त्यामुळे तिकीट खिडकी डावीकडची उजवीकडे गेली आहे. ही तक्रारसुद्धा या अर्जात नाही. ज्याची आहे ती आता सांगतो.

३. आपल्या सजावटकाराला यंत्र नुसते उभे ठेवणे मिळमिळीत वाटले. म्हणून त्याने त्याला एक छोटी मोटर बसवली, एका खऱ्या रिळातून साठ फूट फिल्म कापली, तिची दोन टोके घरगुती चिकटपट्टीने एकमेकांना जोडली आणि तो हार यंत्रातून व छताजवळच्या चार चाकांवरून फिरत ठेवला. आत दिवा नाही, समोर पडदा नाही, आवाज नाही. वरून कुठलेसे बासरीचे संगीत चालू असते. थोडक्यात, चित्रपट सोडून बाकी सगळे तिथे आहे.

४. आपण फिल्म कधी हातात धरली नसेल, म्हणून सांगतो. यंत्रातून फिल्म ओवताना, उजेड जिथून फिल्ममधून जातो त्या खिडकीच्या वर आणि खाली तिला एकेक सैल वळसा ठेवावा लागतो. पहिल्या दिवशी कामाला आलेल्या माणसालाही आम्ही आधी हेच शिकवायचो. वळसा नसला की यंत्राचे दात फिल्मच्या काठाची भोके फाडत जातात. आपल्या सजावटकाराने फिल्म ताणून बसवली आहे. देखणी दिसते म्हणे! शिवाय फिल्मच्या एका काठाला, भोकांना लागून, एक बारीक पट्टी असते. सगळा आवाज त्या पट्टीत असतो. छताजवळची चाके नेमकी त्याच पट्टीवर घासतात. चित्र शेवटी जाईल, आवाज आधी जाईल.

५. एक फेरी दोन मिनिटांची आहे. दिवसाला सातशे वीस फेऱ्या होतात, कारण विमानतळ रात्रीही उघडा असतो आणि मोटर बंद करणे कोणाच्याच कामात मोडत नाही. आमच्या चित्रपटगृहात ही रीळ सुरुवातीपासून गाशा गुंडाळेपर्यंत एकूण दोनशे बारा वेळा चालली. दर वेळी मी ती मऊ कापडाने पुसून लावली. आपण तितके काम सकाळच्या चहापर्यंत उरकता. आज सत्तेचाळीस दिवस पुरे झाले. म्हणजे तेहेतीस हजार आठशे चाळीस फेऱ्या झाल्या. त्यातून अकरा वजा कराव्यात, त्या का ते पुढे येईल.

६. ही रीळ कसली, असे आपल्या लिपिकांनी मला खिडकीतून विचारले होते. मी सांगायला लागलो तेव्हा ते जेवायला गेले. म्हणून लेखी देतो. आपल्या भाषेतल्या एका लहान चित्रपटाची ती शेवटची रीळ आहे. चित्रपट फारसा चालला नाही. निर्मात्याच्या गोदामात पाणी शिरून मूळ प्रत गेली, बाकीच्या प्रती वितरकांनी परत मागवून चांदी काढण्यासाठी वितळवल्या. माझ्या माहितीप्रमाणे आता जगात या चित्रपटाचे एवढेच उरले आहे. प्रादेशिक चित्रपटाचा इतिहास म्हणून आपण भिंतीवर जे काही चिकटवले आहे त्यात खरी ऐतिहासिक वस्तू ही एकच. तिचीच आपण झालर केली.

७. त्या चित्रपटाचे शेवटचे दृश्य आमच्याच चित्रपटगृहाच्या दारात घेतले होते. नायक धावत येतो, रांग मोडून तिकीट खिडकीत हात घालतो, आतली बाई त्याला मुकाट्याने तिकीट देते, असे लिहिलेले होते. खिडकीवर त्या वेळी माझी पत्नी बसत असे. नटी आणण्यापेक्षा हीच बसू दे, नुसता हात तर दिसणार आहे, असे दिग्दर्शकाचे मत पडले. तिला सगळे समजावून सांगितले. तिने मान डोलावली. कॅमेरा चालू झाला, नायक रांग सोडून पुढे आला, आणि ती आतून ओरडली, "ओ, रांगेत या! हिरो असाल तुमच्या घरी."

नायक खरोखर मागे जाऊन रांगेत उभा राहिला. दिग्दर्शक इतका हसला की त्याने तेच ठेवले.

८. हे वाक्य आले की प्रत्येक खेळाला प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. गावातली माणसे तिला बाजारात तेच म्हणून चिडवायची आणि ती आणखी चिडायची. दृश्यात ती दिसत नाही. जाळीतून फक्त तिचा हात दिसतो, मनगटावर माझे घड्याळ, कारण तिचे त्या दिवशी बंद पडले होते. ती जाऊन नऊ वर्षे झाली. आम्ही कधी तिचा आवाज भरून ठेवला नाही. रोज घरात ऐकू येणारी गोष्ट कोण भरून ठेवतो? तिचा आवाज या जगात त्या साठ फुटांच्या काठावर आहे, आणि तो आपण अत्तराच्या दुकानाशेजारी घासत आहात.

९. आता आपल्या दुसऱ्या उत्तराकडे येतो. 'सदर वस्तू अर्जदाराने स्वतःच खराब म्हणून नमूद केलेली आहे' हे खरे आहे. डब्यावर 'खराब. जोडू नये.' असे लाल रंगात माझ्याच हाताने लिहिलेले होते. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि ते मी केले.

कारण सांगतो, पटले तर घ्यावे. वितरकाची माणसे प्रती परत न्यायला यायची तेव्हा डब्यांवरची अक्षरे वाचून न्यायची. खराब लिहिलेला डबा ते उचलत नसत, वाहतुकीलाही परवडत नाही म्हणत. म्हणून आमच्या धंद्यात जी रीळ वाचवायची असेल तिच्यावर ऑपरेटर खराब लिहून ठेवायचे. हीच आमची तिजोरी. ज्या डब्यावर 'उत्तम प्रत' लिहिलेले असे तो गेलाच म्हणून समजा. माझ्या माळ्यावर चौदा डबे होते, त्यांतले तेरा रिकामे होते आणि एकावर खराब लिहिले होते. माझ्या व्यवसायातला कोणीही माणूस माळ्यावर चढला असता तर त्याने तोच डबा आधी उघडला असता. आपला सजावटकार आमच्या व्यवसायातला नव्हता. त्याला वाटले, खराब म्हणजे खराब.

१०. डबे नेले तेव्हा मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो. चिरंजीवांनी माळा उघडून दिला. यादीवर सही माझी आहे, ती मी दुसऱ्या दिवशी एका डोळ्यावर पट्टी असताना केली. चिरंजीवांना यात ओढू नये. आईचा आवाज कोणत्या डब्यात आहे हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. सांगितले असते तर त्याने ऐकायला मागितला असता, आणि ऐकवायला चालू यंत्र नव्हते. तीन जण फिल्मची नक्कल करून देतो म्हणून आले होते. इतरांच्या घरून नेलेल्या रिळांपैकी एकही त्यांनी परत आणली नव्हती, म्हणून मी डबा दिला नाही. आता वाटते द्यायला हवा होता. आगीतून फुफाट्यात पडलो.

प्रदर्शन उघडल्यावर मुलगा कामासाठी विमानाने गेला तेव्हा त्याने मला हौसेने व्हिडिओ पाठवला आणि फोन केला, "बाबा, तुमचं मशीन चालू आहे बघा!" व्हिडिओत एक तिरका जोड चाकावरून सरकताना दिसला. तिरका जोड त्या यंत्रावर मीच देत असे, आणि हा मी त्याच दृश्याच्या आधी दिला होता.  त्याला मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "मग डब्यावर खराब का लिहिलंत, बाबा?" महोदय, आपण आणि माझा मुलगा एकच प्रश्न विचारता. फरक इतकाच की त्याला विचारायचा हक्क आहे.

११. रीळ चित्रपटाच्या शेवटाकडून का कापली गेली, याचेही उत्तर माझ्याकडेच आहे. खेळ संपला की रीळ उलटी गुंडाळून ठेवायची असते, म्हणजे सुरुवात बाहेर येते. चित्रपटगृह कायमचे बंद झाले त्या दिवशी आम्ही हाच चित्रपट लावला होता, त्या शेवटच्या खेळानंतर मी ती गुंडाळली नाही. उद्या कोणासाठी गुंडाळायची होती? त्यामुळे शेवट बाहेर राहिला आणि सजावटकाराच्या कात्रीखाली पहिल्यांदा तोच आला. कापून उरलेली रीळ माझ्या पहिल्या अर्जानंतर आपण डब्यासकट परत पाठवली. चूक माझी. कात्री आपली.

१२. आपल्या पहिल्या उत्तरानुसार प्रदर्शन केवळ प्रवाशांसाठी आहे. ठीक. मी प्रवासी झालो. ज्या गावात माझे कोणी नाही तिथले तिकीट काढले, कारण त्या दिवशी तेच सर्वांत आधीचे होते. सामान तपासणीत माझ्याकडून जोडयंत्र, छोटी कात्री आणि फिल्म पुसण्याचा ब्रश काढून घेण्यात आला. तिथल्या जवानाने जोडयंत्र फिरवून पाहिले आणि विचारले, "हे काय आहे, काका?" फिल्म जोडायचे यंत्र आहे असे मी सांगितले. तो म्हणाला, "फिल्म आता मोबाइलमध्ये असते." ब्रश तरी द्या म्हटले, तर त्याची मूठ धातूची निघाली. मऊ कापड तेवढे ठेवू दिले. माणूस वाईट नव्हता, पण ज्याला जोडयंत्र घातक वाटते आणि ती मोटर घातक वाटत नाही, त्याला आपण नेमले आहे.

मी चार तास त्या काचेसमोर उभा होतो. माझे नाव तीनदा पुकारले. विमान गेले. अजूनपर्यंत तीन तिकिटे काढली, एकाही विमानात बसलेलो नाही. या वयापर्यंत आतून विमान पाहिलेले नाही आणि पाहायची इच्छाही उरलेली नाही.

१३. दि. २ जुलैची नोंद. त्यात मी 'प्रदर्शनात हस्तक्षेप करून सार्वजनिक मालमत्तेस बाधा आणली' असे आहे. मी प्लग काढला. मोटर थांबली. बावीस मिनिटे. म्हणजे अकरा फेऱ्या वाचल्या, त्या वर वजा करायला सांगितल्या त्याच. बाविसाव्या मिनिटाला एका प्रवाशाला मोबाइल चार्ज करायचा होता म्हणून साफसफाई करणाऱ्या बाईंनी दोन्ही प्लग लावून दिले. मी त्यांना थांबवायला गेलो आणि माझा आवाज चढला. त्या म्हणाल्या, "मला ओरडू नका हो, मला कोणी काही सांगितलेलं नाही." बरोबर बोलल्या. त्यांची मी तिथेच माफी मागितली. या सगळ्या प्रकरणात माफी मागितलेला मी एकटाच.

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आपल्या कार्यालयाची हातोटी मात्र पाहून घेतली. सुरक्षा कक्षात मला दोन तास बसवले आणि 'पुन्हा असे करणार नाही' असे लिहून मागितले. मी दिले नाही.

१४. त्या बावीस मिनिटांत मी काचेला भिंग लावून आवाजाची पट्टी वाचली. अडतीस वर्षे हेच केले असल्याने पट्टीवर माणूस कुठे बोलतो, कुठे थांबतो, कुठे ओरडतो हे मला डोळ्यांनी कळते. कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा असतात, मोठा आवाज तिथे लांब. सजावटकाराने दिलेला जोड तिच्या वाक्याच्या जरा आधी आला आहे. चिकटपट्टीचा डिंक दर फेरीला थोडा पुढे सरकतो आणि त्याला धूळ बसते. 'ओ' गेला होता. 'रांगेत या' गेले होते, तिथे नुसता पांढरा ओरखडा होता. पुढचे 'हिरो असाल तुमच्या घरी' तेव्हा शाबूत होते. शेवटच्या शब्दावर ती जरा हसली होती, ती कापरी रेघसुद्धा मला दिसली.

याला आज अठरा दिवस झाले. अर्धे वाक्य जायला एकोणतीस दिवस लागले, तर उरलेल्याला किती लागतील, हे गणित आपण लिपिकांकडून करून घ्यावे. ते जेवून आले असतील.

१५. तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा प्लगवर कुलूपवाली पेटी बसवलेली होती. माझ्या सहा अर्जांना दोन उत्तरे द्यायला आपणास पाच आठवडे लागले, पेटी मात्र तीन दिवसांत बसली. म्हणजे काम होत नाही असे नाही, कोणाविरुद्ध होते एवढाच प्रश्न आहे. मी पेटीला हात लावला नाही. उभा राहिलो आणि बघत राहिलो. एका कुटुंबाने मला फोटो काढायला सांगितला. मागे ती फिरत होती. मी फोटो काढून दिला.

१६. सबब विनंती आहे की,

(क) हा अर्ज हातात पडताच, आवक क्रमांक घालण्याआधी, मोटर बंद करावी. किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात एक दिवस गेला तर त्या दिवसाच्या सातशे वीस फेऱ्या आपल्या नावावर.

(ख) फिल्म कोणीही ओढू नये, फिरवू नये, ओल्या फडक्याने पुसू नये. आपल्या सजावटकाराला तिच्यापासून दहा पावले लांब ठेवावे.

(ग) मला एक तास आत येऊ द्यावे. सोबत जोडयंत्र आणू द्यावे. जवान उभा ठेवायचा तर ठेवावा, त्यालाही वळसा कसा ठेवायचा ते दाखवीन.

(घ) त्या जागी फिरवायला मी माझ्याकडची साबणाच्या जाहिरातीची साठ फूट फिल्म स्वतः ओवून देईन, व्यवस्थित वळसे ठेवून. ती पुढची दहा वर्षे फिरेल. कोणालाही फरक कळणार नाही. आपणास तर नाहीच, कारण सत्तेचाळीस दिवसांत आपण एकदाही तिथे थांबलेला नाहीत, हे अत्तराच्या दुकानातल्या माणसाने मला सांगितले. आपण वेगळ्या दाराने आत जाता.

(च) यंत्र ठेवून घ्यावे. शाल परत हवी असल्यास तीही देतो.

१७. आपण हे करणार नाही अशी माझी खात्री असल्याने दि. २४ जुलैचे चौथे तिकीट काढून ठेवले आहे. सकाळी तपासणीच्या रांगेत उभा राहीन. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग आहे, ती मी घेणार नाही. चाळीस वर्षांच्या संसारात रांग मोडलेली तिने माझीसुद्धा खपवून घेतलेली नाही. मग काचेसमोर जाऊन बसेन, आणि मोटर थांबेपर्यंत उठणार नाही. नाव पुकारा, उचलून न्या, नोंद करा. सुरक्षा कक्षातली खुर्ची आता माझ्या पाठीला सवयीची झाली आहे.

१८. शेवटी एक. त्या पट्टीवर आजमितीस काही शिल्लक असेलच तर ते 'हिरो असाल तुमच्या घरी' एवढेच असेल. ते कोणाला उद्देशून आहे असा प्रश्न आपणास पडल्यास, ज्या माणसाला ती मूळ बोलली होती तो ऐकून मागे गेला होता, आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला होता, एवढे नमूद करतो.

आपला नम्र
(हा शब्द नमुन्यात छापलेला आहे म्हणून ठेवला)

सही
दि. २० जुलै

सोबत :
१) न वापरलेली विमानाची तिकिटे, तीन.
२) आपली दोन्ही उत्तरे, आपणास वाचता यावीत म्हणून.
३) जाहिरातीच्या फिल्मचा नमुना, एक फूट.
४) रिकामा डबा, एक. रीळ उतरवल्यावर ती ठेवण्यासाठी. 'खराब' खरवडून काढले आहे. त्या जागी काय लिहावे ते तीन दिवस सुचले नाही, मग चिरंजीवांनी लिहिले. त्यांच्या अक्षरात आहे : 'आई'.